झेडसी३२एस स्विफ्ट स्पोर्ट: शाकोचो, चाकं, सायलेन्सर, सीट यातलं सेकंड-हँड काय घ्यावं आणि काय नवंच?

घाटवळण (कानागावा)

नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, सध्या अत्सुगीला असतो. गेल्या वर्षी २०१४ ची स्विफ्ट स्पोर्ट घेतली, झेडसी३२एस (हा मॉडेलचा कोड), सहा गिअरची मॅन्युअल. एम१६ए इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, १३६ पीएस आणि तेही ६९०० आरपीएमला, त्यामुळे हाकोनेच्या चढाला गिअर पाडत इंजिन ओरडवत चालवावी लागते आणि तीच खरी मजा आहे. गाडी पूर्ण स्टॉक आहे. रनिंग ९० हजाराच्या वर गेलंय आणि मागचे शॉक थकलेत हे आता स्पष्ट जाणवतं, हायवेच्या जोडावरून गेलं की मागची बाजू दोनदा उसळते.

बजेट सगळं मिळून अडीच लाख येन, त्याच्यावर जायचं नाही. नवीन घ्यायला गेलो तर एवढ्यात दोनच गोष्टी बसतात म्हणून जुने पार्ट बघतोय. अप गॅरेजच्या दोन-तीन दुकानांत फिरलो, रात्री याहू ऑक्शन चाळत बसतो आणि आता डोक्यात नुसता गोंधळ झालाय. समोर असलेल्या गोष्टी सांगतो:

एचकेएसचा शाकोचो (म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन, इथे सगळे हेच म्हणतात), ४५ हजार, विकणारा म्हणतो ४० हजार किमी चाललेला, गळती नाही, पण फोटो सगळे वरूनच काढलेत. मग १७ इंची चाकं, ७जे (म्हणजे ७ इंच रुंद), इनसेट ४८ (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू ४८ मिलिमीटर बाहेर), पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११४.३, चारही मिळून ५० हजार. एक सायलेन्सर आहे १२ हजाराला, फारच स्वस्त वाटतोय, त्याच्यावर पत्र्याची पट्टी वगैरे काही दिसत नाही. आणि एक फुल बकेट सीट (पाठ न झुकणारी, एकसंध), रेल (सीट गाडीच्या तळाला बसवायचा भाग) नाही.

पुढच्या मार्चला शाकेन (इथली गाडीची सक्तीची सरकारी तपासणी) आहे त्यामुळे तपासणीत अडकेल असं काही नकोय. दुसरं म्हणजे माझे स्टॉक पार्ट काढले की विकू का ठेवू? आणि तिसरं, नाशिकला मावसभावाकडे २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, तो रोज मागे लागलाय की तुझी जुनी चाकं आणि शॉक मला पाठव, दोन्ही स्विफ्टच तर आहेत. बसतील का? कोणी पाठवलेत का कधी?

---

हमामात्सुकर

स्वागत आहे घाटवळण, गाडी फार चांगली घेतलीस. १०५० किलोची, टर्बो नसलेली, सहा गिअरची अशी गाडी आता नवीन फार कमी मिळते, जप तिला.

सायलेन्सरपासून सुरू करतो कारण तिथे विचार करण्यासारखं काहीच नाही. घेऊ नकोस. १ एप्रिल २०१० नंतर तयार झालेल्या गाडीला बाहेरचा सायलेन्सर लावायचा तर त्याच्यावर आवाजाची तपासणी झाल्याची पट्टी लागते, आणि ती पट्टी तुझ्या मॉडेलसाठीच दिलेली असायला पाहिजे, दुसऱ्या गाडीची चालत नाही. तुझी २०१४ ची म्हणजे त्यात आलीच. लोकांना वाटतं ९६ डेसिबलच्या खाली आला की झालं, पण ९६ ही उभ्या गाडीची मोजणी आहे, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशात माइक धरतात आणि जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमच्या ७५ टक्क्यांवर इंजिन धरतात, तुझ्या गाडीत ते ५१७५ च्या आसपास येईल. ती मोजणी पास झाली तरी पट्टी नसेल तर वेगात जातानाच्या आवाजाचा पुरावा कुठून आणणार? जुन्या बाजारात १२ हजाराला सायलेन्सर मिळतो तो याच कारणाने. आत टाकायचा आणि काढायचा डबा असलेले येतात तेही तुझ्या गाडीला चालत नाहीत. पट्टीवाला जुना मिळाला तर जरूर घे, फक्त पट्टीवरचा नंबर आणि गाडीचा टाइप वाचता येईल असा फोटो आधी मागव. आणि जोडाचा गॅस्केट नवा टाक, जुना परत वापरला की फुसफुस सुरू होते.

आता चाकं. जुनं घ्यायचंच असेल तर चाकांत पैसा सगळ्यात जास्त वाचतो. धातूचा तुकडा आहे, वाकलेला नसेल आणि तडा नसेल तर दहा वर्षं जुनाही नव्यासारखंच काम करतो. तुझ्या गाडीला कंपनीची ६.५जे आणि इनसेट ५० आहेत. ७जे इनसेट ४८ लावलंस तर रिम बाहेरच्या बाजूला साधारण ८ मिलिमीटर जास्त येईल आणि आतल्या बाजूला ४ मिलिमीटर. आत शॉककडे जागा पुरते, बाहेर फेंडरचं बघायला लागेल. २०१७ च्या जूनपासून टायरची फुगलेली बाजू १० मिलिमीटरच्या आत बाहेर आली तर चालते, पण ती सूट टायरला आहे, रिमला नाही. गाडी शाकोचोने खाली घेणार असशील तर पुढची चाकं वरून थोडी आत झुकतात त्याचाही फायदा होतो. मला वाटतं बसेल, पण उंची ठरवून झाल्यावर फेंडरवरून ओळंबा सोडून बघ, दोरा आणि एक नट पुरतो.

घेताना चाक पालथं घालून आतली बाजू बघायची. सगळे समोरून बघतात, चकाचक दिसतं, खरी गोष्ट आत असते. आतल्या कडेला वेल्डिंगचा टाका किंवा एका जागीच वेगळा रंग दिसला की सोडून द्यायचं. जेडब्ल्यूएलचा (चाकाच्या मजबुतीच्या जपानी मानकाचा) शिक्का ओतीव किंवा कोरलेल्या अक्षरात असायला पाहिजे, तो नसेल तर शाकेन नाही. रेज कंपनीच्या टीई३७ या नावाजलेल्या चाकांसारखी दिसणारी नकली चाकं ढिगाने फिरतात, खरी फोर्ज केलेली असतात आणि हातात उचलली की वजनानेच कळतं, दिसायला सहा काड्या असल्या म्हणजे टीई३७ नव्हे. जमलं तर पैसे देण्याआधी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून दाखवायला सांग, चाक लडबडतंय का ते लगेच कळतं. टायरसकट घेत असशील तर टायरवरचा चार आकडी कोड वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचं टायर भरपूर नक्षी असली तरी मी त्याची किंमत शून्य धरतो.

आणि नट! सुझुकीचा नट १२ बाय १.२५. टोयोटा, होंडा, माझदाचा १२ बाय १.५. चाकांबरोबर विकणारा पिशवीभर नट फुकट देतो आणि ते नेमके टोयोटाचे असतात, दोन आटे हाताने जातात, मग पान्ह्याने रेटलं की हबचा बोल्ट खराब. होंडाच्या जेन्युइन चाकांचं बूड (नट जिथे टेकतो ती जागा) गोल असतं, टोयोटाच्या काही जेन्युइनचं सपाट, बाहेरच्या बहुतेक चाकांचं ६० अंशाच्या शंकूचं. नट चाकाप्रमाणे आणि आटे गाडीप्रमाणे, हे दोन्ही जुळले पाहिजेत. नट नवीनच घे. तुझा हब ६० मिलिमीटरचा आहे, बाहेरच्या चाकाचं भोक ७३ वगैरे असतं, मधली रिंग घ्यायला विसरू नकोस, नाहीतर ९०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला बोल लावत बसतात.

एक सांगायचं राहिलं, एन्केईची जुनी चाकं दिसली तर प्राधान्य दे. इथलीच हमामात्सुची कंपनी, आपल्या शिक्रापूरलाही त्यांचा कारखाना आहे, आणि जुन्या बाजारात त्यांचा भाव रेजएवढा चढलेला नसतो.

सीट: रेल नसलेली बकेट सीट स्वस्त दिसते पण रेल नवीन घ्यावी लागते आणि ती सीटच्याच कंपनीची, गाडीच्या मॉडेलची घ्यावी लागते, कारण शाकेनला मजबुतीचे कागद मागू शकतात. फुल बकेटची पाठ कडक फायबरची असेल तर मागे सीट असलेल्या गाडीत मागच्या माणसासाठी पाठीवर मऊ कव्हर पाहिजे. तुझ्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती काढल्यावर डॅशवर दिवा पेटेल, आणि २०१७ च्या फेब्रुवारीपासून एअरबॅगचा दिवा पेटलेला असला तर गाडी तपासणीलाच घेत नाहीत. त्यासाठी रेझिस्टर मिळतो, पण माझं मत विचारशील तर स्टॉक सीट चांगली आहे, या बजेटमध्ये सीटला हात लावू नकोस. ब्राइड या सीटच्या कंपनीच्या नकलाही फार आहेत, अपघातात पाठ तुटली तर काय करणार.

शाकोचोबद्दल लालस्विफ्ट ताई जास्त चांगलं सांगतील, त्या स्वतः खोलतात.

---

लालस्विफ्ट (नागोया)

आले आले. हमामात्सुकर दादांनी चाकांचं सगळंच सांगितलं.

घाटवळण, ४५ हजार ही त्या एचकेएसची किंमत नाहीये, ती फक्त सुरुवात आहे. शॉकमधलं तेल आणि सील झिजणारी वस्तू आहे, ४० हजार किमी झालेल्या सेटला ओव्हरहॉल लागणार हे धरूनच चालायचं. एका पायाला (म्हणजे एका चाकाच्या शॉकला) साधारण १५ ते २५ हजार येन, रॉडवर गंजाचे टिपके असतील तर रॉड बदलायचा खर्च वेगळा. चार पायांचे मिळून झाले ६० हजार ते १ लाख, वर अप्पर माउंटचे बेअरिंग, वर फिटिंग, वर अलाइनमेंट. म्हणजे ४५ हजाराचे दीड लाख कधी होतात कळतही नाही. आणि दीड लाखात नवीन येतो.

तरीपण मी जुना घेऊ नको असं म्हणणार नाही. माझ्या गाडीवर आत्ता जो सेट आहे तो जुनाच घेतलाय, ओव्हरहॉल करून, आणि त्सुकुबाला आणि इकडच्या छोट्या सर्किटवर तो नव्या स्वस्त सेटपेक्षा कितीतरी चांगला चालतो. चांगल्या कंपनीचा सिंगल-ट्यूब डँपर (म्हणजे शॉकच, एकाच नळीचा) उघडून नवा करता येतो, हीच तर त्याची किंमत आहे. फक्त घेण्याआधी कंपनीच्या साइटवर जाऊन त्या पार्ट नंबरचे ओव्हरहॉल अजून घेतात का ते बघायचं. काही जुन्या मालिकांचे सुटे भाग बंद झालेत, तो सेट मग कितीही स्वस्त असला तरी भंगार.

विकणाऱ्याकडे माग हे फोटो: रॉडचा सीलजवळचा भाग, धुळीचं रबर वर सरकवून. तिथे ओली काळी धूळ चिकटलेली असेल तर गळतोय, विकणारा काहीही म्हणो. मग खालच्या रिंगा, ज्याने उंची बदलते त्या. त्या फिरतात का असं थेट विचार आणि उत्तर लेखी घे. बर्फाच्या भागातल्या गाडीचा सेट असेल, होक्काइदो, तोहोकू, निगाता वगैरे, तर रस्त्यावर टाकतात त्या मिठाने आटे जाम होतात, मग रिंगा पेटवून नाहीतर कापून काढाव्या लागतात आणि उंची बदलायचा विषयच संपतो. म्हणून मी आधी गाडी कुठल्या प्रांतात चालली ते विचारते आणि मग किमीचं.

दुकानात प्रत्यक्ष हातात मिळाला तर रॉड हाताने पूर्ण दाबून सोड. एकाच वेगाने बाहेर यायला पाहिजे, मध्येच ढिला पडला किंवा आत चुकचुक आवाज आला तर हवा शिरलीये. डावा-उजवा एकामागून एक दाबून तुलना कर, दोघांत फरक असेल तर नको. वर पिलो-बॉल (रबराऐवजी धातूचा गोल सांधा) असेल तर रॉड आडवा हलवून बघ, टकटक जाणवली की बेअरिंग गेलं, गाडीत बसल्यावर ती टकटक डोकं उठवते.

जंक लिहिलेल्या सेटकडे तर बघूच नको. इथे जंक किंवा नो क्लेम नो रिटर्न लिहिलं की नंतर भांडायला जागा राहत नाही.

आणखी एक, आपल्या गाडीला पुढे स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि डँपर एकत्र) पण मागे बीम आहे (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), तिथे स्प्रिंग वेगळी आणि डँपर वेगळा. मागचा डँपर खालचा एक बोल्ट आणि वरचा नट, एवढाच. तू म्हणतोस त्रास मागून आहे. खरंच सगळा शाकोचो पाहिजे का? मागचे दोन जेन्युइन डँपर नवे टाकून गाडी आधी चालवून बघ असं मी कोणालाही सांगेन. ९० हजार चाललेल्या गाडीला नवे शॉक आणि नवे बुश टाकले की गाडी कशी होती ते पहिल्यांदा कळतं. नंतर खाली घ्यायची हौस असेल तर घे.

शाकेनला दोन गोष्टी बघतात. जमिनीपासून ९ सेंटिमीटर अंतर, आणि जॅकवर चाक लोंबकळत असताना स्प्रिंग सैल होऊन हाताने हलता कामा नये. दुसरं लोक विसरतात आणि गाडी फार खाली घेतात.

---

रविवार_त्सुकुबा

ताईंशी बराचसा सहमत पण एका बाबतीत नाही. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला जुना शाकोचो सुचवूच नये असं माझं ठाम मत आहे. ताई स्वतः खोलतात, त्यांना रॉड दाबून कळतं. याला नाही कळणार, आणि कळेल तेव्हा पैसे गेलेले असतील. टेइनचा फ्लेक्स झेड नवीन घे, लाख-सव्वा लाखाच्या आसपास येतो, १६ टप्प्यांत कडकपणा बदलतो, उंची पूर्ण बदलते. तो बंद प्रकारचा आहे, ओव्हरहॉल करायचा नाही, खराब झाला की एकच पाय नवीन घ्यायचा, आणि तो बऱ्याच कंपन्यांच्या ओव्हरहॉलपेक्षा फार महाग पडत नाही. वॉरंटी मिळते, माउंट नवीन मिळतात, सगळे नट-बोल्ट डब्यात. घाटात आणि वर्षातून एक-दोनदा सर्किटला जाणाऱ्याला याच्या पलीकडे काही लागत नाही.

जुनं घ्यायचं तर जिथे झीज डोळ्यांनी दिसते ते घ्यावं. चाकं, स्ट्रट टॉवर बार, शिफ्ट नॉब, एअर क्लीनरचा डबा. जिथे झीज आत लपलेली आहे तिथे नवीन. ब्रेक पॅड, क्लच, टर्बो, शॉक यांना मी जुन्यात हात लावत नाही. टर्बो तुझ्या गाडीत नाही ते बरंय.

---

लालस्विफ्ट

@रविवार_त्सुकुबा दादा, क्लच आणि पॅडचं मान्य, त्यावर वादच नाही. पण शॉकचं असं सरसकट म्हणू नका. चांगल्या कंपनीचा सेट फेकून न देता परत नवा करून वापरणं ही इथल्या गाडीवाल्यांनी जपलेली फार मोठी गोष्ट आहे, आणि शिकायचं कधी मग? कोणीतरी पहिल्यांदा शिकणारच. मी एवढंच म्हणते की हिशोब आधी कागदावर करा.

---

तेरा_चौदा_पान्हा (पुणे)

मावसभावाचं मी सांगतो, गॅरेज आहे माझं, स्विफ्ट रोज खोलतो.

चाकं बसणार नाहीत. आपल्याकडच्या स्विफ्टला चार बोल्ट, १०० चं पीसीडी. तुमच्या स्पोर्टला पाच बोल्ट, ११४.३. नाव एक, हब वेगळे. आता भाऊ कोणाला तरी विचारेल आणि तो सांगेल की मधे अडॅप्टर टाकून चार बोल्टचे पाच करून देतो. करू देऊ नका. अडॅप्टर २० मिलिमीटरच्या खाली मजबूत बनत नाही, चाक तेवढं बाहेर येतं, हबच्या बेअरिंगवर भार वाढतो, आपले खड्डे, आपले स्पीड ब्रेकर, आणि चार आखूड बोल्टांवर सगळा खेळ. माझ्याकडे असल्या गाड्या बेअरिंग वाजतंय म्हणून येतात.

शॉकचंही तेच. स्पोर्टच्या स्प्रिंग आणि डँपर त्या गाडीच्या वजनाला आणि उंचीला जुळवलेल्या असतात. भावाची पेट्रोल १२०० सीसीची आहे, पुढचं इंजिन वेगळं, ग्राउंड क्लिअरन्स नाशिक-त्र्यंबक रस्त्याला पाहिजे तो वेगळा. समजा बोल्ट जुळवून बसवलं तरी पावसाळ्यात सायलेन्सर घासत घरी येईल. त्याला सांगा नवीन गॅस शॉक टाक, लोअर आर्मचे बुश टाक, १५ इंची चांगली टायर टाक, अर्ध्या पैशात गाडी हातात येते.

पाठवण्याचं तर आणखी अवघड आहे. जुना माल, म्हणजे कारखान्याची यंत्रं सोडून जे काही सेकंड-हँड असेल ते, भारतात आणायला डीजीएफटीचा (केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. कुरिअरने पाठवलं की कस्टमला अडकणार, आणि सोडवायचा खर्च चाकांपेक्षा जास्त होईल. घरचं सामान म्हणून पेटीत घालून आणतात लोक, त्या फंदात पडू नका.

आणि इथला कायदा विसरू नका. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आहेच, शिवाय २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेच्या बाहेर गाडीत बदल करून तिची नोंदणी टिकवता येणार नाही. तुमच्याकडे जशी सायलेन्सरवर पट्टी आणि शाकेनला मोजमाप असतं, इतके डेसिबल म्हणजे पास, इतके मिलिमीटर म्हणजे पास, तसं आपल्याकडे हौशी माणसाला काहीच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पोरं चांगलं काम करतात, अगदी मोजून-मापून करतात, आणि तरी नाक्यावर थांबवलं की फटाके वाजवणारा सायलेन्सर लावलेला आणि हे पोर एकाच मापात मोजले जातात.

भावाला जुन्या पार्टचीच हौस असेल तर मुंबईला कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. तिथे स्विफ्टचं जे पाहिजे ते मिळतं, दरवाजे, हेडलाइट, बीम, अख्खं इंजिन. पण पावती घ्या. इंजिन घेणार असाल तर ब्लॉकवरचा नंबर घासलेला नाही ना ते बघा आणि कुठल्या गाडीचं आहे त्याचा कागद मागा, कागद नाही तर हात लावायचा नाही. चोरीच्या गाडीचं निघालं तर विकणारा सापडत नाही, घेणारा सापडतो.

---

घाटवळण

बाप रे, एवढं सगळं, मनापासून आभार. तेरा_चौदा_पान्हा दादा, तुमची पोस्ट भावाला तशीच पाठवली, तो जरा हिरमुसला पण शॉक आणि बुशचं त्याला पटलंय, पुढच्या आठवड्यात गाडी गॅरेजला देतोय.

ताई, तुमचे प्रश्न त्या विकणाऱ्याला विचारले. त्याने रॉडचे फोटो पाठवले नाहीत, फक्त लिहिलं की गाडी निगाताची होती आणि रिंगा त्याने कधी फिरवून बघितल्या नाहीत. सोडला. आता ठरवलंय की आधी मागचे दोन जेन्युइन डँपर नवे, पुढचे स्ट्रट कसे आहेत ते बघून तेही. सायलेन्सर आणि सीट रद्द. चाकांचे फोटो आतल्या बाजूने मागवले, स्वच्छ दिसतायत, जेडब्ल्यूएल आहे, वेल्डिंग दिसत नाही, शनिवारी साइतामाला जाऊन हातात घेऊन बघणार.

मग माझी स्टॉक चाकं विकायची तर कशी? इथे कधीच काही विकलं नाहीये. दुकानात देऊ का ऑक्शनला टाकू? आणि पेटीत कशी भरायची, एवढी मोठी वस्तू कोण नेतं?

---

लालस्विफ्ट

शाब्बास, निगाताचा सोडलास ते उत्तम केलंस.

स्टॉक चाकं एवढ्यात विकू नको असं माझं म्हणणं. मार्चचं शाकेन होऊ दे. नवीन चाकं फेंडरच्या काठावर आली आणि तपासणाऱ्याला पटली नाहीत तर संध्याकाळपर्यंत जुनी चढवून परत जाता येतं. जागा नसेल तर गोष्ट वेगळी, बाल्कनीत चार चाकं म्हणजे घरच्यांची बोलणी. पण हिवाळ्यात बर्फाची टायर लावायला तीच चाकं कामाला येतात, तू नागानोकडे जात असशील तर ठेवच.

विकायचंच ठरलं तर दुकान सोपं. झायर्यू कार्ड (इथलं परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) घेऊन जायचं, जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्यांना इथे पोलिसांचा परवाना लागतो आणि विकणाऱ्याची ओळख तपासतात. चोरीच्या चाकांना आळा बसतो त्यामुळे, मला ती पद्धत आवडते. भाव मात्र कमी मिळतो, दुकानालाही भाडं आहे. ऑक्शनला जास्त मिळतात पण काम तुझं.

लिहिताना दोष आधी लिही. कुठे घासलंय, किती सेंटिमीटर, त्याचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. आतल्या बाजूचे फोटो चारही चाकांचे. गाडीचा टाइप, साइज, इनसेट, पीसीडी, हबचं भोक, नट देतोयस का नाही. टायरचा चार आकडी कोड. हे सगळं लिहिलं की प्रश्न येत नाहीत, आणि इथले लोक अशा विकणाऱ्याकडून दोन हजार जास्त देऊन घेतात.

पाठवायचं: इथे तिन्ही बाजूंची बेरीज करून साइज ठरते. पोस्टाची यू-पॅक सेवा १७० पर्यंत, यामातो २०० पर्यंत आणि ३० किलो, त्याच्या वरची मोठी वस्तू सागावा २६० पर्यंत नेतो. चाकं दोन-दोन बांध, मधे जाड पुठ्ठ्याची गोल चकती, दर्शनी बाजू समोरासमोर येऊ देऊ नको. पेटी नसली तरी चालते, पुठ्ठा आणि प्लास्टिकची फिल्म गुंडाळली की घेतात. बंपर किंवा सीटसारखी वस्तू असेल तर सेइनो किंवा फुकुयामा या मालवाहतूक कंपनीच्या डेपोला टाकायची आणि घेणाऱ्याने त्याच्या जवळच्या डेपोतून उचलायची. मोठी वस्तू असली की बऱ्याच ठिकाणी खासगी घराच्या पत्त्यावर घेत नाहीत, ओळखीच्या गॅरेजचं नाव पत्त्यात लागतं, ते आधी विचारून ठेव.

---

हमामात्सुकर

चाकं बघायला जाशील तेव्हा तुझा एक स्टॉक नट खिशात घेऊन जा आणि भोकात बसवून बघ, बूड शंकूचं आहे का ते जागेवर कळतं.

आणि मागचे डँपर स्वतः बदलणार असशील तर हे ऐक. खालचा बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने बसव, शेवटचा जोर गाडी चाकांवर उभी असताना नाहीतर बीमखाली जॅक लावून उंची जुळवल्यावरच दे. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि रबर लवकर फाटतं. बीम जॅकवर घेतल्याशिवाय जुना डँपर सोडूही नको, बीम एकदम खाली येऊन ब्रेकच्या नळीला ताण बसतो. वरचे रबर आणि नट नवे घे, मोनोतारोवर (पार्ट विकणारं ऑनलाइन दुकान) सुझुकीच्या जेन्युइन नंबरने मिळतात, दोनशे-चारशे येनच्या वस्तू आहेत. गंजलेला बोल्ट असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेव.

पुढचे स्ट्रट काढलेस तर अलाइनमेंट करावीच लागेल. मागचं बीम असल्यामुळे मागे काही जुळवायचं नसतं, पुढचा टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली) तेवढा बघून घेतात. शनिवारी साइतामाला जाऊन आलास की आतल्या बाजूचे फोटो इथे टाक, पैसे देण्याआधी टाकलेस तर आणखी बरं, मी घरीच आहे, बघून सांगतो.